उशाशी काय आहे ते सांगा

वाचनसंस्कृती धोक्यात आल्याचं भाषण ज्याला करायचं असेल त्याने जरूर करावं. अट एकच. व्यासपीठावर चढण्याआधी आयोजकांनी त्याला विचारावं, ‘सध्या काय वाचताय?’ नाव सांगता आलं, तर माईक द्यावा. नाही आलं, तर त्याच्याऐवजी सभागृहातून कुणाला तरी बोलवावं. काल रात्री खूण घालून पुस्तक उशाशी ठेवून झोपलेलं एखादं माणूस तिथे नक्की बसलेलं असतं. त्याची दहा मिनिटं अध्यक्षांच्या तासाभरापेक्षा मोलाची आहेत.

हे मी अगदी गंभीरपणे लिहिते आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. वर्षातून तीनदा फलक लागतात, दिंड्या निघतात, शपथा होतात. तीनही दिवशी पुस्तकांचं गुणगान होतं आणि एखाद्या ठरावीक पुस्तकाचं नाव मात्र क्वचितच निघतं. ‘पुस्तक हे मस्तक घडवतं’ म्हणायला पुस्तक उघडावं लागत नाही. ‘मी अमुक वाचतोय, निम्मं झालंय, रात्री झोप लागत नाही’ म्हणायला उघडावंच लागतं.

आता नेहमीची उत्तरं बघा. ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’, ‘श्यामची आई’, आणि पुलंचं काहीही. चारचौघांत विचारा, फोनवर विचारा, मुलाखतीत विचारा, हीच नावं येतात. ‘श्यामची आई’ १९३५चं, ‘ययाति’ १९५९चं, ‘स्वामी’ १९६२चं, ‘मृत्युंजय’ १९६७चं. यादीतलं सगळ्यात नवं पुस्तकसुद्धा साठीला टेकलंय. पुस्तकं थोरच आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विचारलं होतं ते सध्याचं. कॉलेजात असताना वाचलेलं पुस्तक पन्नाशीत सांगितलं, तर ती आठवण झाली. आठवणीला मान आहे, पण तिच्यावर आजच्या लेखकाचं पोट भरत नाही आणि आजच्या वाचकाला वाटही सापडत नाही.

उलट, अठरा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या हातात या महिन्यात पहिल्यांदाच ‘मृत्युंजय’ आलं असेल, लोकलमध्ये उभ्याने रोज वीस पानं होत असतील, तर तिने ते अभिमानाने सांगावं. तिच्यासाठी कर्ण या आठवड्यातच जन्मलाय. माझा आग्रह पुस्तक नवं असण्याचा नाही, वाचन आत्ताचं असण्याचा आहे.

हा आग्रह का, ते आकड्यांत सांगते. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे लोक होते ८ कोटी ३० लाख. आणि मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती? एके काळी सर्रास हजार प्रतींची. आता पाचशे, कधी तीनशे. त्या पाचशेतल्या काही ग्रंथालयांत जातात, काही लेखक स्वतः वाटतो, उरलेल्या प्रकाशकाच्या गोदामात कुणी हाक मारतंय का याची वाट बघतात. जाहिरातीला पैसा नाही. वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांची जागा आक्रसत चाललीय. अशा वेळी दुसरी आवृत्ती कोण काढतं? आपल्या मावशीला फोन करून ‘हे वाचच’ म्हणणारी बाई काढते. पाचशेच्या आवृत्तीत अशा दहा बायका म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. इंग्रजी पुस्तकाच्या लाखोंच्या बाजारात एका वाचकाचा शब्द विरून जातो. मराठीत तो ऐकू येतो. मराठी वाचकाच्या हातात असलेली ही ताकद आहे आणि तो ती वापरतच नाही, याचा मला राग येतो.

आपल्याकडे हे एकदा घडून गेलंय. १९७४ साली दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली, ती वाचक चळवळ म्हणून. आधी वाचक जोडायचा, मग पुस्तक छापायचं आणि ते घेऊन गावोगाव जायचं, असा तो खटाटोप होता. १९७८ साली याच ‘ग्रंथाली’ने दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं. ज्या घरांत गावकुसाबाहेरचं जगणं कधी शिरलं नव्हतं, त्या घरांत ते पुस्तक पोचलं. पुलंनी त्याच्याबद्दल लिहिलं, ते महत्त्वाचंच. पण पुलंच्या लेखाइतकंच काम केलं ते त्या वेळच्या शेकडो कारकुनांनी, शिक्षकांनी, बँकवाल्यांनी. त्यांनी ते एकमेकांच्या हातात दिलं. कुणी हादरलं, कुणी चिडलं, कुणी अर्ध्यात मिटून ठेवलं. पण बोलले सगळे.

आता ग्रंथालयात चला. कुठल्याही तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी सहाला जाऊन देवघेवीच्या टेबलापाशी उभं राहा. आत पंधरा-वीस हजार पुस्तकं कपाटांत असतात, पण वर्गणीदार कपाटाकडे आधी जात नाही. तो टेबलावरच्या ढिगाकडे जातो. आत्ताच परत आलेली, अजून जागेवर न गेलेली पुस्तकं. त्यातलं एक उचलतो, मागच्या पुठ्ठ्याला डकवलेला तारखांचा कागद बघतो आणि तारखा जवळजवळच्या दिसल्या की पुस्तक नावावर करून घरी नेतो. मला हा ढीग फार आवडतो. बिननावाची, बिनसहीची शिफारस आहे ती. कुणीतरी हे नेलं होतं, म्हणजे काहीतरी असेल, एवढ्या भरवशावर पुस्तक या घरातून त्या घरात जातं.

पण बघा, इथेही बोलणं नाही. पुस्तक परत करणारा आणि पुस्तक नेणारा एकाच टेबलाशी, एकाच वेळी उभे असतात आणि एकमेकांना एक शब्द विचारत नाहीत. विचारायला हवं. ‘कसं होतं?’ एवढंच. रिक्षात शेजारी बसलेल्याला आपण गाव कुठलं, आडनाव काय, जागा स्वतःची की भाड्याची हे सगळं विचारतो. पुस्तकाविषयी विचारतानाच कसला संकोच आडवा येतो?

ग्रंथपालांना माझी एक सूचना आहे, फुकटातली. दाराशी एक फळा लावा. त्यावर सुविचार लिहू नका, सुविचारांचे फळे पुरेसे झालेत. ‘या आठवड्यात वाचकांनी वाचलेली’ असं वर लिहा आणि खाली पुस्तक परत करणाऱ्याच्याच हातात खडू द्या. पुस्तकाचं नाव आणि एक ओळ. आवडलं नसेल तर तेही लिहू द्या. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात अकरा हजारांच्या वर आहेत. ‘अ’ वर्गापासून ‘ड’ वर्गापर्यंत, कुठे तीनमजली इमारत तर कुठे ग्रामपंचायतीच्या शेजारची एक खोली. अनुदान तोकडं, पगार त्याहून तोकडे, हे मला ठाऊक आहे. फळ्याला अनुदान लागत नाही. अकरा हजार फळ्यांवर दर आठवड्याला पुस्तकांची नावं बदलू लागली, तर कुठल्या गावात काय वाचलं जातंय ते पहिल्यांदाच कळेल. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. एवढी जुनी परंपरा आपण सांगतो आणि या शनिवारी तिथून कोणतं पुस्तक घरी गेलं ते कुणाला ठाऊक नसतं.

याच ग्रंथालयांच्या अभ्यासिकांत मुलं बसलेली असतात. स्पर्धा परीक्षेची. त्यांना विचारलं तर म्हणतात, ‘आम्ही अवांतर काही वाचत नाही.’ आठ-आठ, दहा-दहा तास पुस्तकात डोकं घालून बसणारी मुलं स्वतःला वाचक समजत नाहीत! जरा टेकून बोललात की कळतं, बॅगेत ‘अग्निपंख’ आहे, विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’ आहे, खोलीवरच्या मित्राने दिलेली एखादी कादंबरी आहे आणि ती रात्री दिवा घालवायच्या आधी दहा पानं वाचली जाते. हे ऐकून नाक मुरडणारे लोक मी पाहिलेत. त्यांना सांगते, नाक सरळ ठेवा. गाव सोडून आलेल्या, घरून येणाऱ्या पैशांत महिना काढणाऱ्या मुलाला एका पुस्तकाने रात्रीचा धीर दिला असेल, तर ते पुस्तक त्याच्या कामी आलं. त्याला कमी लेखून आपण त्याला ‘झाडाझडती’कडे नेणार नाही. ‘हे आवडलं का? मग धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरची ही कादंबरी बघ, उद्या अधिकारी झालास तर तुझ्याच टेबलावर ही माणसं येणार आहेत,’ असं सांगून मात्र नेऊ शकतो.

हे नाक मुरडणं फार महागात पडलंय. कर्जत लोकलच्या बायकांच्या डब्यात मोबाइलवर ‘प्रतिलिपि’वरची कादंबरी वाचणाऱ्या कितीतरी जणी असतात. शंभर-सव्वाशे भागांची गोष्ट. ठाणं आलं, घाटकोपर आलं, मान वर होत नाही. त्यांतल्या एकीला विचारा, ‘काय वाचताय?’ ती पटकन फोन उलटा करते आणि म्हणते, ‘काही नाही.’ हे ‘काही नाही’ तिला आपण शिकवलंय. आपण म्हणजे लिहिणारे, शिकवणारे, परीक्षणं करणारे. वाचायचं तर ‘चांगलं’ वाचायचं, आणि चांगलं काय ते आम्ही ठरवणार. नारायण धारपांच्या भयकथा कव्हर घालून वाचायच्या. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आवडते असं मराठीच्या प्राध्यापकासमोर म्हणायचं नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांनी दोन पिढ्यांना वाचायला लावलं, पण त्यांचं नाव साहित्याच्या गंभीर चर्चेत घ्यायचं नाही. मग लोकांनी नावं घेणं सोडलं. वाचणं बरेच दिवस सोडलं नव्हतं. पण ज्याबद्दल बोलता येत नाही ते हळूहळू सुटतंच.

ऐकणाऱ्यांनाही यात धरा. २०१७पासून ‘स्टोरीटेल’वर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर लोक ती ऐकतात. पुस्तक कानातून आत गेलं म्हणून ते कमी होत नाही. आपल्याकडे पोथी एक वाचत असे आणि अंगणभर माणसं ऐकत. त्यांना कुणी अडाणी श्रोते म्हणत नव्हतं.

दुसरीकडे आहेत ढिगाचे फोटो. २०२३पासून डिसेंबरमध्ये पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. तुडुंब गर्दी असते आणि ती पाहून मला मनापासून आनंद होतो. घरी आल्यावर लोक बारा-पंधरा पुस्तकं एकावर एक रचून फोटो टाकतात. विकत घेतली, उत्तम केलं. प्रकाशकाला पैसे मिळाले, त्यानेच पुढचं पुस्तक निघेल. पण माझा प्रश्न डिसेंबरचा नाही, मार्चचा आहे. त्या बारातलं कोणतं उघडलं? कोणतं चाळीस पानांवर थांबलं? कोणतं संपवून भावाला दिलं? मार्चमधला एका पुस्तकाचा फोटो टाका, पानं दुमडलेली, चहाचा डाग पडलेला. तो जास्त खरा आहे.

पालकांचंही तेच. ‘आमचा अजिबात मराठी वाचत नाही हो’ असं सांगणाऱ्या बाबांना मी उलट विचारते, तुमच्या हातात त्याने शेवटचं पुस्तक कधी पाहिलं? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आहेत, चित्रांसकट हातात घ्यावीशी वाटणारी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. मुलाला द्या, पण आधी तुम्ही वाचा आणि जेवताना सांगा की फास्टर फेणे आज कुठल्या लफड्यात सापडलाय. मूल पुस्तकाकडे उपदेशाने येत नाही, उत्सुकतेने येतं.

आता सांगायचं कसं, याबद्दल. ‘छान आहे, नक्की वाचा’ हे सांगणं नव्हे. हे साडीबद्दलही म्हणतात, मिसळीबद्दलही म्हणतात. पुस्तक सांगायचं तर आत काय आहे ते सांगा, तुम्ही कुठे थबकलात ते सांगा आणि कुणी वाचू नये तेही सांगा. दुसऱ्याला उपदेश करतेच आहे तर माझंही सांगायला हवं.

मी सध्या कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचते आहे. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. धरणामुळे उठवलेलं गाव, दुसरीकडे नेऊन बसवलेली माणसं आणि जुन्या गावात मागे राहिलेली एक म्हैस. तिला आणायला देवाप्पा परत जातो. माणसं गेल्यावर गाव रानाचं झालंय आणि म्हैसही रानाची झालीय. ती त्याला ओळखत नाही, किंवा ओळखूनही मानत नाही. आपलं जनावर आपल्यावर उलटतं तेव्हा माणूस काय काय हरलेला असतो, ते खोतांनी पन्हाळ्याच्या बाजूच्या बोलीत असं लिहिलंय की मी काही पानं मोठ्याने वाचली. ज्यांना दर पानाला घटना लागते त्यांनी हे आत्ता घेऊ नये. ज्यांच्या घरचं कुणी धरणाखाली, खाणीखाली, महामार्गाखाली गेलंय त्यांनी घ्यावं.

माझ्या शेजारच्या काकू, वय पंच्याहत्तरच्या पुढे, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचतायत. पहिला भाग १९३४ साली आला. नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ही बाई काही वर्षं दूर राहिली, मग आपल्या वाटेने, आपल्या वेळेला तिथे पोचली. सगळं सांगते ते हसत हसत. काकू मला म्हणाल्या, ‘अगं, तरुणपणी वाचलं तेव्हा मला टिळक मोठे वाटले होते. आता वाचताना ती मोठी वाटते.’ पाच मिनिटांत त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्या प्रस्तावनेत सापडलं नव्हतं. त्या संध्याकाळी मीही माझी प्रत शोधून काढली.

आणि माझा भाचा, बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला, नंदा खरेंची ‘उद्या’ वाचतोय. माणसांची माहिती गोळा करून माणसांनाच हाकणाऱ्या व्यवस्थेवरची कादंबरी. तिला २०२०चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला. २०२२ साली ते गेले. भाच्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला मित्राने सांगितलं होतं, ‘आपल्या फोनमध्ये जे चाललंय ना, ते यात आहे.’ एवढ्या एका वाक्यावर त्याने आयुष्यातली पहिली मराठी कादंबरी विकत घेतली. खरे स्वतः स्थापत्य अभियंते होते हे कळल्यावर तर आता तो ‘अंताजीची बखर’ मागतोय.

तीन वाचक, तीन पुस्तकं, आणि एकानेही कुठल्या समितीच्या शिफारशीवरून पुस्तक उचललेलं नाही.

‘रिंगाण’वरून मात्र माझं माझ्या मैत्रिणीशी वाजलंय. माझ्या सांगण्यावरून तिने ते आणलं आणि साठाव्या पानावर फोन केला. ‘अगं, किती ते रान! म्हैस कधी येणार?’ मी म्हटलं, रान हीच गोष्ट आहे, घाई करू नकोस. ती म्हणाली, तू वाचकावर अन्याय करतेस, पुस्तकाने मला ओढलं पाहिजे, मी पुस्तकाला का ओढू? अर्धा तास आम्ही भांडलो. तिने मला बदल्यात किरण गुरवांचं ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ दिलंय आणि सांगितलंय की गोष्ट पुढे कशी न्यायची ते यातून शिक. मी कालपासून ते सुरू केलंय. पहिली कथा झाली. रविवारी ती येणार आहे, तोवर तिचं म्हणणं खोडून काढायला मला निदान अजून एक कथा वाचायला हवी.